पाणी एका रात्रीत ओसरतं, पुढच्या दोन वर्षांचं काय?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढून देणं, एवढाच पसारा. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात असा काही पाऊस झाला की सकाळपर्यंत तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगल्या, चाळीसगाव शहरात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि काठावरच्या गावांतली शेकडो जनावरं गेली, कित्येक तर दावणीला बांधलेलीच. माझं मशीनही त्यातच गेलं. मी उधारीवर एक जुनं मशीन आणलं आणि आठव्या दिवशी शटर उघडलं, कारण जेवणाची पाकिटं गाड्या भरभरून येत होती, गावाला हवी होती ती झेरॉक्स.

हसू नका, खरंच सांगतो. पूर येऊन गेल्यावर गावाचं काय चाललंय हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं झेरॉक्सच्या दुकानात बसावं. पहिला महिना सगळे आधार, पासबुक आणि सातबारा घेऊन आले, ते पंचनाम्याचे कागद. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोसायटीच्या कर्जाचे आणि सोनं तारण ठेवायचे कागद सुरू झाले. दिवाळीनंतर काही घरं एकदम दिसेनाशी झाली, ती ऊसतोडीला गेली, आणि त्यात अशीही होती जी आधी कधी गेली नव्हती, उचल घेऊन पहिल्यांदाच निघालेली. पुढच्या जूनमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्स वाढल्या. आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे पेपरात आमचा पूर कुणाच्या लक्षातही नव्हता तेव्हा, दोन जण खरेदीखताचे कागद घेऊन आले, जमीन विकलेली.

म्हणजे नुकसान पुराच्या रात्री झालं ते झालंच, पण त्याच्या दुप्पट नंतर हळूहळू होत राहिलं, आणि त्याचा पंचनामा करायला कुणीच आलं नाही. सरकारी भाषेत याला दीर्घकालीन पुनर्वसन म्हणतात. हा शब्द आपल्या खान्देशात जरा जपूनच वापरावा लागतो, कारण नंदुरबारकडं उकाई झालं, सरदार सरोवर झालं, त्यात अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं गेली, त्यामुळं पुनर्वसन म्हटलं की माणसाला वाटतं आता गाव उठवणार. मी आपला सावरणं म्हणतो. हे सावरणं कसं चालतं आणि त्यात पुढारपण म्हणजे नक्की काय करायचं असतं, ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

आधी वेळेचा हिशोब. आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, अगदी तंतोतंत नाही पण कामाचा आहे. पहिली धावपळ, म्हणजे माणसं वाचवणं, जेवण, औषध, निवारा, हे समजा एक आठवडा चाललं, तर वीज, पाणी, रस्ता, शाळा कशीबशी सुरू व्हायला त्याच्या दहापट म्हणजे दहा आठवडे लागतात, आणि घरं, शेती, धंदा पुन्हा नीट उभं राहायला त्याच्याही दहापट, शंभर आठवडे, जवळपास दोन वर्षं. माळीण बघा ना, ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला आणि नवीन गावात घरांच्या चाव्या मिळाल्या एप्रिल २०१७ मध्ये. एवढंसं गाव, सगळ्या राज्याचं लक्ष, तरी पावणेतीन वर्षं. आता गंमत बघा, पहिल्या आठवड्यासाठी आपल्याकडं सगळं आहे, तहसीलदार, पोलीस, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती पथक), गणपती मंडळाची पोरं, आमदारांच्या गाड्या. दहा आठवड्यांसाठी वीजवाले, बांधकामवाले आहेत. शंभर आठवड्यांसाठी गावात नेमलेला माणूस कोण? कुणीच नाही.

कायदा नाही असं नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण केलं, अध्यक्ष कलेक्टर आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस शेजारच्या खुर्चीत असावा हा हेतू. (आमच्या जळगाव जिल्हा परिषदेवर २०२२ पासून कैक दिवस प्रशासकच होता, मग ती खुर्ची कुणाची ते तुम्हीच ठरवा.) पैशाची सोयही कागदावर बरी आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या निधीची वाटणीच करून दिली, शंभरातले ८० रुपये आपत्तीच्या कामाला आणि २० रुपये धोका आधीच कमी करायला, आणि त्या ८० मध्ये मदतीला ४०, सावरण्याला आणि पुनर्बांधणीला ३०, तयारीला १०. म्हणजे वरच्या लोकांनाही कळलंय की मदत आणि सावरणं हे दोन वेगळे खर्च आहेत. पण गावात विचारा, भाऊ, त्या ३० रुपयांतून आपल्या गावाला काय मागायचं? कुणी मागितलेलंच नसतं, कारण ते मागायला आराखडा लागतो आणि आपल्याकडं असते फक्त यादी.

हा यादी आणि आराखड्यातला फरक नीट कळला की निम्मं काम झालं. यादीत काय गेलं ते येतं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, किती हेक्टर, किती टक्के, किती जनावरं, सही. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तर पुढं. २०२२-२६ च्या केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, केळीसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. दुभत्या म्हशीला ३७,५००. आता म्हैस घ्यायला जा आमच्या बाजारात ३७,५०० घेऊन, लोक चहा पाजतील फार तर. हे पैसे नुकसानभरपाई नाहीतच मुळात, तो टेकू आहे, हे सरकारचेच निकष सांगतात, पण गावात कुणी सांगत नाही आणि मग दोन वर्षं लोक भरपाईची वाट बघत बसतात. वाट बघणारा माणूस बाकी काहीच ठरवत नाही, हा माझा अनुभव.

आणि यादीत जे येत नाही त्याचं काय? बटाईनं शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. भाड्यानं राहणाऱ्याचं घर पडलं तर घर मालकाचं. नदीकाठच्या भिल्ल वस्तीतल्या मजुराचं काहीच पडलं नाही, पण ज्याच्या शेतात तो जायचा तिथं आता कमरेएवढा गाळ आणि गोटे आहेत, म्हणजे त्याची वर्षभराची मजुरी गेली. आमच्या गल्लीतली एक म्हातारी आहे, एकच गाय होती तिची, दूध घालून घर चालायचं. पंचनाम्याच्या वेळी साहेब म्हणाले आजी, मिळेल तुम्हाला. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "पानी ते उनं नि गयं, आते गाय कथाईन आनू?" म्हणजे पाणी तर आलं नि गेलं, आता गाय कुठून आणू? साहेब पुण्याकडचे, त्यांना काही कळलं नाही. पैसे आले म्हणा तिला नंतर, पण तोपर्यंत डेअरीतलं खातं बंद, गोठा पडलेला, चाऱ्याचा वांधा, त्या पैशात उसनवारी फिटली आणि गाय आलीच नाही. यादीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण आहे.

आराखडा काय विचारतो, तर ही आजी पुन्हा डेअरीत दूध घालायला कशी लागेल. मग त्यात एकटी गाय नाही बसत, चारा बसतो, गोठा बसतो, डेअरीवाल्याशी बोलणं बसतं, आणि पुढच्या पुरात गाय सोडून वरच्या शाळेच्या पटांगणात नेणार कोण हेही बसतं.

आता पुढारपणाचं. आपल्याकडं पुढारी म्हणजे वाटणारा. किट वाटलं, ताडपत्री वाटली, फोटो काढला. वाईट आहे असं नाही म्हणत मी, त्या आठवड्यात ते लागतंच. पण सावरण्याच्या काळात दुसराच माणूस लागतो, जो कंटाळवाणं काम करेल. दर पंधरा दिवसांनी तीच माणसं गोळा करणं, मागच्या वेळी काय ठरलं ते वाचणं, कोण आलं नाही त्याच्या घरी जाणं, तहसीलला चौथ्यांदा तेच पत्र देणं. आणि त्यात मोठी अडचण घाईची. लोक म्हणतात लवकर करा, ते खरंच आहे, माणूस ताडपत्रीखाली किती दिवस काढेल, पण लवकर करायच्या नादात जे होतं ते पुढची पन्नास वर्षं पुसता येत नाही.

किल्लारीचं घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर लातूर-धाराशिवकडची ५२ गावं नवीन जागेवर बसवली. काम अफाट होतं, जागतिक बँकेचा पैसा होता, घरं भूकंपाला टिकतील अशी मजबूत झाली. पण बऱ्याच नवीन गावांत सरळ रुंद रस्ते, लांब लांब प्लॉट, शहराच्या कॉलनीसारखी आखणी, त्यामुळं वाडा, बोळ, ओटा, पार हे जे गावाचं गावपण होतं ते विरून गेलं, शेत लांब पडलं आणि गोठ्याला जागा नाही म्हणून लोकांनी पुढं आपापल्या परीनं पत्रे ठोकले. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र मला फार शिकण्यासारखा वाटतो, जिथं गाव हलवायचं नव्हतं, घरं आहे तिथंच दुरुस्त करायची होती. तिथं गावातल्याच बायांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं. त्यांचं काम काय, तर घरोघर जाऊन सांगायचं की पैसे कसे मिळतात, इंजिनियर काय म्हणतो, आणि लोकांचं काय अडलंय ते वर कळवायचं. पुढं यातल्या कित्येक जणी बचत गटांत, पंचायतीत पुढं आल्या. म्हणजे भूकंपानं नेतृत्व तयार केलं म्हणा ना, पण कुणीतरी त्यांना ते काम दिलं म्हणून.

बाहेरची दोन उदाहरणं सांगतो, लांबची आहेत पण वाचताना आपल्याच गावाची वाटतात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, शहर बुडालं. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या पेपरात पुनर्बांधणीचा नकाशा छापून आला, त्यावर काही मोहल्ल्यांवर मोठे हिरवे गोल. अर्थ असा की इथं पुढं पार्क, मोकळी जागा. लोक अजून दुसऱ्या राज्यांत नातेवाईकांकडं विखुरलेले आणि इकडं त्यांच्या घरावर पार्क! ब्रॉडमूर नावाचा एक मोहल्ला त्या हिरव्या गोलात होता. त्यांनी मोर्चे, मीटिंगा सगळं केलं, पण नुसतं ओरडून थांबले नाहीत, गल्लीवार माणूस नेमला, त्यानं आपल्या गल्लीतलं कोण कुठं आहे ते फोन करकरून शोधायचं, परत येणार का विचारायचं, आणि मग स्वतःचा आराखडा स्वतः तयार केला, शाळा कधी, वाचनालय कधी, कुठलं पडकं घर कुणाचं. शाळा आणि वाचनालय दोन्ही परत उभं राहिलं. त्या मोहल्ल्याच्या संघटनेची पुढारी लाटोया कॅन्ट्रेल, ती पुढं २०१८ मध्ये त्या शहराची पहिली महिला महापौर झाली.

दुसरं जपानचं कोबे. १७ जानेवारी १९९५ ला भूकंप, ६,४०० च्या वर माणसं गेली. महापालिकेनं दोन महिन्यांत पुनर्विकासाचा आराखडा मंजूरही करून टाकला, लोक छावणीतच होते, भयंकर भांडणं झाली. पण त्याच शहरात मानो नावाचा जुना दाटीवाटीचा कामगारांचा मोहल्ला होता, तिथली माणसं १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र आलेली, आपल्या गल्ल्यांचा आराखडा आपणच करायची सवय असलेली. भूकंपानंतर आग लागली तेव्हा त्यांनी बादल्यांची रांग लावून ती आटोक्यात आणली. बादल्या सगळ्या शहरात होत्या हो, रांग लावायची सवय मात्र भूकंपाच्या आधीची होती.

आता कुणी म्हणेल जपान-अमेरिका कशाला. बरोबर आहे, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत या. पांझरा नदीवर, तिकडं मोसम नदीवर, तीनेकशे वर्षांपासून फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून खुणा आहेत. नदीवर बंधारा, त्याचा पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची, त्यामुळं पाणी कमी असलं आणि एखादा फड पडीक ठेवायचा ठरला तर झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसायची, कुणी एकटा मरायचा नाही. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, आणि वर पंच. पाट साफ करायचा तर सगळ्यांनी यायचं, नाही आला तर दंड. आपत्तीतली तूट वाटून घ्यायची सोय आमच्या पणजोबांनी शेताच्या आखणीतच करून ठेवली होती, आणि आम्ही आता पूर आल्यावर शेजाऱ्याच्या बांधावरून पाणी कुठं काढायचं यावर कोर्टात जातो. साक्री तालुक्यातलंच बारीपाडा घ्या, तिथलं जंगल बोडकं झालं होतं, पाणी नव्हतं, ती पण एक सावकाश आलेली आपत्तीच. तिथल्याच चैत्राम पवारांनी गाव धरून ठेवलं, झाड तोडलं तर दंड हा नियम गावानंच केला, चारशे हेक्टरांच्या वर जंगल राखलं, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नव्वदच्या दशकात सुरू केलेलं काम, तीस वर्षं. मला पद्मश्रीपेक्षा त्या तीस वर्षांचंच जास्त नवल वाटतं, आमच्याकडं तीन मीटिंगा झाल्या की चौथीला सतरंजी उचलणारा पण येत नाही.

आराखड्यात एक गोष्ट गावाला समजावणं सगळ्यात अवघड गेलं, पूररेषा. आपल्याकडं दोन रेषा आखतात. निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येईल असा. ऐकणाऱ्याला वाटतं २०२१ ला आला म्हणजे आता २०४६ पर्यंत निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी १०० पैकी ४ वेळा शक्यता, आणि पुढच्या वर्षी परत ४, मागच्या वर्षी आला का नाही याच्याशी नदीला घेणंदेणं नाही. आता निळ्या रेषेवर घर बांधलं आणि ३० वर्षं राहिलात, तर त्या ३० वर्षांत एकदा तरी पाणी घरात यायची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास निघते. लाल रेषेवर सुद्धा २६ टक्के. मी हा हिशोब दुकानाबाहेर पाटीवर खडूनं लिहिला होता, तर एक आबा म्हणाले, "मग घरकुल तिथंच कशाला दिलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण हा प्रश्न ग्रामसभेत लेखी यायला पाहिजे, आणि तो नवीन घरकुलाची जागा ठरायच्या आधी यायला पाहिजे, पाया खोदल्यावर नाही.

आमच्या गावात जे थोडंफार झालं ते एका वहीनं. दोनशे पानी, शाळेची. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका काकूंनी सुरू केली, कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना पोषण आहारासाठी घरोघर जावंच लागायचं. प्रत्येक घराला एक पान. वर नाव नाही, घराचा नंबर, म्हणजे भाडेकरू, बटाईवाले, सून वेगळी राहते ते, सगळे आले. डाव्या बाजूला पुराआधी घर कशावर चालायचं ते, उजव्या बाजूला आता कशावर चालतंय ते. बास. दर दोन महिन्यांनी उजवी बाजू नवीन तारखेनं परत लिहायची. मी तिच्या झेरॉक्स काढून द्यायचो फुकट. सहाव्या महिन्यात त्या वहीतूनच दिसलं की एकवीस घरांचं अडलंय ते एकाच गोष्टीवर, शेताकडं जायचा नदीतला रस्ता. त्या रस्त्यावरचा फरशी पूल खचलेला, ट्रॅक्टर पलीकडं जात नाही, गाळ काढता येत नाही, मग पेरा नाही. आम्ही तोपर्यंत समाजमंदिराचे पत्रे बदला म्हणून मागत होतो, कारण ते रस्त्यावरून दिसतं.

मग ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातलं. हे लक्षात ठेवा, आपत्तीसाठी वेगळा जाडजूड ग्रंथ करायची गरज नाही, आमचा गाव आमचा विकास म्हणून दर वर्षी जो आराखडा होतोच त्यातच हे बसवायचं, वर्षाला किमान चार ग्रामसभा होतातच, त्यात विषय घ्यायचा आणि ठरावाची नक्कल मागून घ्यायची. ग्रामसभा कधी आहे तेही बघा. २६ जानेवारीच्या सभेत आमची तिसरा हिस्सा माणसं ऊसतोडीवर असतात, तांड्यावरचे तर जवळजवळ सगळेच, आणि पुराचा मार सगळ्यात जास्त त्यांनाच बसलेला. म्हणून वहीवाल्या काकूंनी हट्ट धरला की महत्त्वाचं १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाच घ्या, माणसं गावात असतात. सरपंचांना आधी राग आला. नंतर त्यांनी मानलं, हे त्यांचं मोठेपण, कारण पुढारपणातला सगळ्यात अवघड भाग तोच असावा, दुसऱ्याची वही आपल्या टेबलावर उघडी ठेवणं.

भांडणं झाली नाहीत असं नाही. वहीत कुणाचं जास्त कुणाचं कमी यावरून दोन भाऊबंद एकमेकांशी बोलत नाहीत अजून. एका हापिसात तर वही बघून साहेब म्हणाले की हे अधिकृत नाही. आम्ही म्हटलं साहेब, नका धरू अधिकृत, फक्त तुमच्या यादीशेजारी ठेवून बघा. त्यांनी बघितलं का नाही माहीत नाही, पण रस्त्याच्या गाळाचं काम पुढच्या उन्हाळ्यात झालं आणि पेरा झाला. फरशी पूल मात्र होता तेवढ्याच उंचीचा परत बांधला, पाणी पुन्हा वरून जाणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. उंची वाढवायला वेगळी मंजुरी लागते म्हणे.

वहीचे आता चार भाग झालेत. आजीच्या घराच्या पानावर उजवीकडं शेवटची नोंद आहे, दोन शेळ्या, नातवानं आणल्या. पुलाचं पान काकूंनी सगळ्यात पुढं लावलंय, त्यावर पाठवलेल्या पत्रांच्या तारखा आहेत, परवा मी अकराव्या पत्राची झेरॉक्स काढली.